रूळ लीजवर द्यायचे की स्वतःकडे ठेवून कर्ज काढायचं

सार्वजनिक रेल्वेचा मार्ग २५-३० वर्षांसाठी खाजगी गुंतवणूकदाराला देऊन एकरकमी पैसे घ्यायचे, की मार्ग आपल्याकडेच ठेवून तेवढे पैसे कर्जाने उभे करायचे, हा प्रश्न ज्यांच्यासमोर आहे त्यांच्यासाठी लिहितोय. मी एका सार्वजनिक रेल्वे संस्थेच्या वित्त विभागात होतो, अशी फाईल माझ्या टेबलावरून गेलीय आणि माझं मत त्यावर लेखी आहे. कन्सेशन (ठरावीक मुदतीसाठी मार्ग चालवायचा हक्क), ट्रॅक ॲक्सेस चार्ज (रूळ वापरायचं भाडं) वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

आधी लीजची बाजू, कारण ती कच्ची नाहीये. लंडन ते चॅनल टनेल ही हाय स्पीड वन लाईन २०१० मध्ये ३० वर्षांसाठी दिली गेली आणि कॅनेडियन पेन्शन फंडांच्या पैशातून २.१ अब्ज पौंड आले. लाईन नवी कोरी, बाकीच्या जाळ्यापासून बरीचशी वेगळी, गाड्या कोण चालवणार ते जवळपास ठरलेलं. अशा ठिकाणी लीज शोभते असं माझं प्रामाणिक मत आहे. फक्त हे लक्षात घ्या की ती बांधायला साधारण सहा अब्ज लागले होते आणि देशांतर्गत गाड्यांच्या वापराचे पैसे येत राहतील ही हमी सरकारचीच होती, म्हणजे फंडांनी जे घेतलं त्यातला मोठा भाग सरकारच्या शब्दाचा होता.

आता हिशेब, जो मी तेव्हा कॅल्क्युलेटरवर केला होता आणि आजही तसाच करीन. समजा लाईन सगळा खर्च जाऊन वर्षाला १०० कोटी देते (चलन कुठलंही धरा) आणि मुदत ३० वर्षं. सरकारला ४ टक्क्यांनी कर्ज मिळत असेल तर त्या उत्पन्नाची आजची किंमत साधारण १७२९ कोटी. गुंतवणूकदाराला ९ टक्के परतावा हवा असेल तर तो फार तर १०२७ कोटी मोजेल. हा ७०० कोटींचा फरक आपण देतो तो कशासाठी, तर रिस्क त्याने घ्यावी म्हणून, किंवा तो आपल्यापेक्षा लाईन चांगली चालवेल म्हणून. ते खरंच होणार असेल तर सौदा वाईट नाही.

पण रिस्क जाते का? लंडन अंडरग्राउंडच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, बहुतेक मार्गांच्या देखभालीचं आणि नूतनीकरणाचं ३० वर्षांचं कंत्राट मेट्रोनेट या खाजगी कंपनीला २००३ मध्ये मिळालं आणि २००७ मध्ये कंपनी बुडाली. कर्जाच्या ९५ टक्क्यांची हमी सार्वजनिक संस्थेने दिलेली होती, त्यामुळे कर्ज निस्तरायला सरकारला १.७ अब्ज पौंड द्यावे लागले. गाड्या तर बंद ठेवता येत नाहीत ना, मग शेवटी बिल कुणाकडे येणार हे बँकांनाही पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

तरी खरं सांगायचं तर माझं मत या आकड्यांनी ठरलं नाही. आमचा एक छोटा फाटा आधीपासून लीजवर होता. तिथल्या एका स्टेशनचा प्लॅटफॉर्म दोन डब्यांनी वाढवायचा होता, कारण मागच्या दोन डब्यांतली माणसं, सामान आणि लेकरं घेऊन, आतून पुढे चालत यायची आणि एक मिनिटाचा थांबा तीन मिनिटांवर जायचा आणि मग पुढचं सगळं वेळापत्रक घसरायचं. आमच्या इंजिनिअरने सहा आठवड्यांचं काम म्हणून सांगितलं होतं. करारात ‘बदल’ या शब्दाची व्याख्याच दीड पान होती. आम्ही पत्र पाठवलं, उत्तराची मुदत ६० दिवस, उत्तर ५९व्या दिवशी आलं आणि त्यात आणखी माहिती मागितलेली. मग त्यांना कर्ज देणाऱ्या बँकांची संमती, बँकांच्या तांत्रिक सल्लागाराची पाहणी, आणि शेवटी भरपाईचा तक्ता. त्या तक्त्यात चार नवे दिव्याचे खांब होते आणि लीजच्या उरलेल्या १९ वर्षांत ते दिवे पुसायचे, बदलायचे, त्यांची वीज, सगळं ओळीओळीने मांडून आमच्याकडे मागितलं होतं. यात कुणी लबाडी करत नव्हतं, करारात लिहिलं होतं तेच चाललं होतं, आणि मला तेच जास्त लागलं. १४ महिने गेले, आणि वकील-सल्लागारांचं बिल काँक्रीटच्या बिलाच्या वर गेलं. त्या १४ महिन्यांत मी दोनदा त्या गाडीने गेलो, दोन्ही वेळा मागच्या डब्यातून, आणि एक म्हातारे गृहस्थ दाराशी पोचेपर्यंत गाडी हललेली मी पाहिली.

एका उदाहरणावरून सगळ्या लीज वाईट म्हणणं बरोबर नाही, मान्य, कदाचित आमचा करारच नीट लिहिलेला नसेल. पण रेल्वे म्हणजे सतत बदलणारी गोष्ट आहे, आज थांबा वाढवा, उद्या सिग्नल बदला, परवा विद्युतीकरण, आणि ३० वर्षांत काय काय लागेल ते आज कुणीच लिहू शकत नाही. प्रत्येक बदलाला परवानगी आणि भरपाई लागणार असेल तर तो खर्च सुरुवातीच्या एकरकमी आकड्यात कुठेच दिसत नाही.

आणि परत मिळताना काय मिळतं तेही बघा. न्यूझीलंडने १९९३ मध्ये रेल्वे विकली, खालची जमीन नाममात्र भाड्याने दिली. देखभाल मागे पडत गेली आणि २००४ मध्ये सरकारने रुळांचं जाळं परत घेतलं ते एका डॉलरला, वर दुरुस्तीसाठी २० कोटी डॉलर घालायचं कबूल करून.

मधला रस्ता मला जास्त पटतो. ब्रिटनमध्ये नेटवर्क रेलने (रूळ सांभाळणारी तिथली सार्वजनिक संस्था) २०१९ मध्ये पुलांच्या कमानींखालचे गाळे वगैरे मिळून सुमारे ५२०० मालमत्ता १५० वर्षांच्या लीजवर १.४६ अब्ज पौंडांना दिल्या. भाडं वाढेल म्हणून तिथले छोटे व्यावसायिक घाबरले होते आणि ती भीती मला रास्त वाटते. पण वरचे रूळ आणि त्यांच्या देखभालीसाठी आत जायचा हक्क रेल्वेकडेच राहिला, त्यामुळे गाडी कुठे थांबवायची हे कुणा गाळेमालकाला विचारावं लागत नाही. दुकानं, पार्किंग, जाहिरातींच्या जागा खुशाल द्या, चांगले पैसे येतात. रूळ, सिग्नल आणि प्लॅटफॉर्मची कड मात्र मी दिली नसती, आणि फाईलवरही तेच लिहिलं.

तुमची लाईन वेगळी, नवी आणि फारशी न बदलणारी असेल तर माझं ऐकू नका, लीजचा विचार जरूर करा. फक्त ड्राफ्ट हातात आला की रकमेचं पान नंतर बघा, आधी बदलाचं कलम उघडा आणि एक प्लॅटफॉर्म वाढवायला किती सह्या लागतील ते मोजा.