शॉटगनचे चोक: सप्टेंबर ते एप्रिल वापरून काय कळलं

ह्यूस्टनजवळ राहतो, बंदूक मॉसबर्ग 500, म्हणजे आपल्याकडची बारा बोअर. सोबत तीन चोक आले होते (चोक म्हणजे नळीच्या तोंडात आट्यांनी बसवायचा तुकडा, तो जितका आवळ तितके छर्रे कमी पसरतात), सैल ते आवळ या क्रमाने इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, मॉडिफाइड आणि फुल. मी फुल लावला. फुल असताना कमी कशाला घ्यायचं, हा आपला हिशोब!

1 सप्टेंबरला डव्हचा सीझन उघडला. डव्ह म्हणजे आपला होलाच समजा (आईने व्हिडिओ कॉलवर ऐकवलंच, होले मारायला एवढ्या लांब गेलास का रे). पक्षी वीस-पंचवीस यार्डांवरून सुसाट जात होते, दीड बॉक्स काडतुसं संपली आणि मिळाले चार, त्यातला एक तर चिंधड्या झालेला. एवढ्या जवळ फुलचे छर्रे पसरतच नाहीत, एकतर चुकतं नाहीतर पक्षी खाण्यालायक राहत नाही. इम्प्रूव्ह्ड लावला आणि पुढच्या शनिवारी एका बॉक्समध्ये अकरा.

मग शहाणपण सुचलं आणि कागदावर बार काढून बघितले. 40 यार्डांवर कागद, त्यावर 30 इंचाचं वर्तुळ, आत किती छर्रे पडले ते मोजायचं. ढोबळ हिशोबाने इम्प्रूव्ह्डचे 50 टक्के, मॉडिफाइडचे 60, फुलचे 70. साडेसात नंबरच्या (हा छर्‍याच्या आकाराचा नंबर) एक औंसाच्या काडतुसात साडेतीनशेच्या आसपास छर्रे असतात, मी आणि पोरगी स्केचपेन घेऊन जमिनीवर बसून भोकं मोजत होतो, ती दोनदा चुकली मी तीनदा. माझा मॉडिफाइडच 66 टक्के देतो निघालं, म्हणजे चोकवरच्या नावावर जाऊ नका, आपल्या काडतुसाने बघा.

बदकांच्या शिकारीला शिशाचे छर्रे चालत नाहीत, 1991 पासून इथे देशभर बंदी आहे, स्टीलसारखे बिनविषारी छर्रे वापरावे लागतात. स्टील कडक, छर्रे चेपत नाहीत म्हणून घोळका आवळलेलाच राहतो, मॉडिफाइड भरपूर झाला. फुलमधून जाड स्टील मारू नका, चोक फुगतो.

खाडीच्या दलदलीत दोन महिने तोच चोक न काढता वापरला, आळस माझा, जानेवारीत काढायला गेलो तर हलेना. बंदूक रिकामी आहे ना हे दोनदा बघून आट्यांवर तेल सोडलं, नळी रात्रभर उलटी ठेवली, सकाळी कुरकुरत निघाला. आता दर वेळी आट्यांना ग्रीस.

टर्कीसाठी मात्र एक्स्ट्रा फुल (फुलपेक्षाही आवळ) वेगळा घेतला, कारण तिथे डोकं-मानेवरच नेम धरायचा असतो. एप्रिलमध्ये नर आला तो थेट दहा पावलांवर. तेवढ्यात छर्‍यांचा गोळा मुठीएवढा, मी चक्क चुकलो, आणि तो धावत नाही हो, चालत गेला.