मानियेले नाही बहुमता, पण आधी वाचायचं कोणतं?

गेल्या हिवाळ्यात आमच्या वाचनगटातल्या एका ताईंनी आईच्या इच्छेप्रमाणे तिचं देहदान केलं. घाट नाही, अस्थी नाहीत, आणि ताई म्हणाल्या, तेरवीही नाही. उमरेडहून आलेल्या आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मायची तेरवी नाही करत म्हंते तू? लोकं काय म्हणतीन वं?"

ताईंनी हे गटात सांगितलं आणि यंदाचा विषय तिथेच ठरला: लोक काय म्हणतील. आम्ही सात जण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नागपूरच्या प्रतापनगरात जमतो. आधी तर्री-पोहे, मग पुस्तक. यादी लांबली तशी निवड करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तुमच्यापुढेही हाच प्रश्न असेल तर मी पुस्तकं कशी ताडून पाहिली ते सांगतो. जाडी, भाषा, किंमत हे सगळं पाहिलं, पण खरा फरक दुसरीकडेच सापडला. आत्याबाईंचा प्रश्न यातल्या प्रत्येक पुस्तकात कुठे ना कुठे येतो, आणि दर वेळी त्यातले 'लोक' वेगळे असतात.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत छोटं म्हणजे प्लेटोचा 'क्रिटो'. तासाभरात वाचून होतो, इंग्रजी अनुवाद नेटवर फुकट मिळतो. इ.स.पू. 399. सॉक्रेटिस सत्तरीचा, तुरुंगात, विष प्यायचं बाकी. पहाटे मित्र क्रिटो येतो. पहारेकऱ्याशी त्याची ओळख झालेली, पैशाची सोय झालेली, आता फक्त पळायचं. पळ काढण्यासाठी क्रिटो जी कारणं देतो त्यात अगदी सुरुवातीलाच हे येतं, की तू मेलास तर लोक म्हणतील, पैसे वाचवायला याने मित्राला मरू दिलं. म्हणजे आत्याबाई अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सलाही होत्याच! सॉक्रेटिसचं उत्तर व्यायामशाळेतलं आहे. पहिलवानाने कोणाचं ऐकावं, उस्तादाचं की बघ्यांचं? इथपर्यंत बंडखोर वाचक खूश असतो. मग सॉक्रेटिस वळतो आणि म्हणतो, पण नगराचे कायदे मी आयुष्यभर मान्य केले, आता निकाल माझ्याविरुद्ध लागला म्हणून ते मोडू कसे? लोकांच्या मताला तो कवडीचीही किंमत देत नाही आणि तरी त्यांनी दिलेली शिक्षा भोगतो. आमच्या गटातले निवृत्त बँकवाले काका या जागी चिडले होते. "मग उपयोग काय झाला?" असं त्यांचं म्हणणं.

काकांसाठी सोफोक्लिसचं 'अँटिगनी' आहे. याला दोन तास पुरतात आणि ते मोठ्याने वाचावं. राजा क्रेऑनचा हुकूम असतो की नगरावर चालून आलेल्या पॉलिनायसीसला कोणी पुरायचं नाही. बहीण अँटिगनी त्याच्यावर माती घालते आणि सांगते की मेलेल्यांबद्दलचे अलिखित नियम तुझ्या फर्मानाहून जुने आहेत. सॉक्रेटिस कायद्यापुढे थांबतो, ही थांबत नाही. लोकांच्या बाबतीत मात्र नाटकात एक बारीक गंमत आहे. क्रेऑन तिला म्हणतो, थीब्जमध्ये असा विचार करणारी तू एकटीच. ती म्हणते, हे सगळे माझ्याच मताचे आहेत, तुझ्यापुढे तोंड मिटून बसलेत. पुढे क्रेऑनचा मुलगा हेमॉनही बापाला तेच सांगतो, गावात अंधारात कुजबूज तिच्याच बाजूने आहे. म्हणजे इथले लोक विरोधात नाहीत, घाबरलेले आहेत. ताईंना हे नाटक उलटं लागलं. अँटिगनी विधी करण्यासाठी भांडली, ताई न करण्यासाठी. पण तेरावा दिवस उलटल्यावर तीन चुलत बहिणींनी त्यांना एकेकटीने फोन करून "बरं केलं" म्हटलं, आणि समोर कोणीच बोललं नव्हतं. हेमॉनचं भाषण त्यांनी दोनदा वाचलं.

कामूची 1942 सालची 'परका' मी यादीतून काढली. आईच्या अंत्यविधीला रडला नाही म्हणून माणूस मृत्युदंडाकडे कसा ढकलला जातो, हे आमच्या विषयाला चपखल बसतं, नाही असं नाही. पण चर्चा त्या नायकाच्या थंडपणावर घसरते आणि त्याने गोळ्या घालून मारलेल्या अरबाला कादंबरीत नावसुद्धा नाही हे बाजूला पडतं. कधीतरी वेगळी बैठक घेऊ.

खरी निवड मिल आणि आंबेडकर यांच्यात होती.

इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचं 'ऑन लिबर्टी' 1859 सालचं. पाच प्रकरणं, वाक्यं लांब, इंग्रजी जुन्या वळणाचं. अख्खं वाचायची सक्ती केली तर गट फुटेल. तिसरं आणि चौथं प्रकरण मात्र सोडू नये. मिल म्हणतो, सरकारपेक्षा समाजाचा जुलूम जास्त खोल जातो, कारण तो रोजच्या जगण्यात शिरतो आणि त्यातून सुटायच्या वाटा कमी असतात. माणूस 'मला काय आवडतं' हे विचारतच नाही, 'माझ्या पायरीचे लोक काय करतात' एवढंच विचारतो. वर्धा रोडवरच्या लॉनमध्ये लग्नं पाहिलेल्या माणसाला याचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. चौथ्या प्रकरणात तो व्यवहारात उतरतो. एखाद्याचं वागणं पटलं नाही तर त्याची संगत टाळा, दुसऱ्याला सावध करा, तेवढा हक्क तुम्हाला आहे. पण टाळतोय याचा गाजावाजा करू नका, आणि ज्याने दुसऱ्याचं नुकसान होत नाही त्याबद्दल त्याला शिक्षा म्हणून छळू नका. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे चिकटवावंसं वाटतं.

मिलच्या पुस्तकात एक खडाही आहे, तो दाताखाली येणारच. ज्या समाजांना तो मागासलेले म्हणतो त्यांना हे स्वातंत्र्य लागू नाही, असं तो पहिल्याच प्रकरणात लिहितो. आणि हा गृहस्थ 35 वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता! तरी आपल्याकडे आगरकरांसारख्यांनी त्याच्यातलं घ्यायचं ते घेतलंच. अकोल्याला मॅट्रिक झालेल्या या माणसाने स्वतःची प्रेतयात्रा निघालेली जिवंतपणी पाहिली. मिलने 'गाजावाजा करू नका' म्हटलं ते पुण्यातल्या लोकांनी वाचलेलं नसावं.

बाबासाहेबांचं 'जातिभेद निर्मूलन' 1936 चं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणाला बोलावलं, मजकूर पाहून अधिवेशनच रद्द केलं, म्हणून त्यांनी ते स्वखर्चाने छापलं. पहिल्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. समूहाच्या मताविरुद्ध व्यक्तीने आपलं मत ठामपणे मांडणं ही सगळ्या सुधारणेची सुरुवात, हे ते मिलसारखंच मानतात. पण लगेच पुढचा प्रश्न विचारतात, समूह तेवढी जागा देतो का? जात वाळीत टाकू शकते, आणि वाळीत टाकणं व मरण यांत फारसा फरक नाही. मिलचे लोक चेहरा नसलेले, नापसंतीने नाक मुरडणारे. बाबासाहेबांचे लोक संघटित आहेत, पंच आहेत, त्यांच्या हातात पाणी आणि सोयरीक आहे. महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला, यावरून कोणाचं निदान इथे जास्त लागू पडतं ते कळतं. नियम आणि तत्त्व यांतला त्यांनी केलेला फरकही नीट वाचावा. नियम सांगतो असं कर, तत्त्व तुमच्यावर निवडीची जबाबदारी टाकतं, आणि जबाबदारी आली की नीती सुरू होते. ताईंच्या तेरवीच्या वादात आम्ही दोन महिने जे चाचपडत होतो ते इथे पानभरात आहे.

म्हणून एकच पुस्तक घेणार असाल तर माझं मत बाबासाहेबांच्या बाजूने. मराठी अनुवाद सहज मिळतात, दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीच्या स्टॉलवर तर नक्की. मिल त्यानंतर वाचला की त्याची मर्यादाही कळते आणि धारही. उलट क्रमाने वाचणाऱ्यांना मिल फार सभ्य वाटतो.

अर्थात ज्यांचे लोक घरातच आहेत त्यांनी हे दोन्ही बाजूला ठेवून इब्सेनचं 'अ डॉल्स हाऊस' घ्यावं. अंक तीन. नवऱ्याचा जीव वाचवायला नोरा वडिलांची खोटी सही करून कर्ज काढते. उघडं पडल्यावर नवऱ्याला काळजी फक्त अब्रूची. शेवटी ती नवरा आणि तीन मुलं सोडून निघते तेव्हा तो अगदी हेच म्हणतो, लोक काय म्हणतील याचा तरी विचार कर. जर्मनीत एका नटीने असा शेवट करायला नकार दिला म्हणून इब्सेनला स्वतःच्या हाताने दुसरा शेवट लिहावा लागला. त्यात नोरा मुलांकडे पाहून कोसळते आणि थांबते. हा बदल म्हणजे रानटीपणा आहे, असं तो स्वतःच म्हणाला. ज्यांच्या घरी यावरून खरंच काही चाललं असेल त्यांनी हे नाटक आधी एकट्याने वाचावं, गटात नंतर.

आमचं ठरलंय ते असं. जूनमध्ये एकाच बैठकीत 'क्रिटो' आणि 'अँटिगनी', म्हणजे बँकवाले काका आणि सॉक्रेटिस यांचं भांडण मिटेल किंवा वाढेल. दसऱ्याला पुस्तकं घेऊन पुढचे दोन महिने बाबासाहेब, मग मिलची दोन प्रकरणं. इब्सेन संक्रांतीनंतर, भूमिका वाटून. नोरासाठी तिघी तयार आहेत, त्यांत ताईही. नवऱ्याची भूमिका घ्यायला मात्र कोणी पुरुष पुढे येत नाही. शेवटी चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्यात.