फोल्डस्कोप : पाचवी ते सातवीच्या वर्गात दोन वर्षे वापरल्यानंतर

आमच्या शाळेच्या कपाटात एकच सूक्ष्मदर्शक आहे आणि सातवीला पेशीरचनेचा पाठ आला की ३६ मुले त्याच्यापुढे रांग लावतात. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धे मिनिट येते. मागच्याचा धक्का लागतो, कोणीतरी स्क्रू फिरवतो आणि पुढची चार-पाच मुले नुसता पांढरा उजेड पाहून ‘दिसले’ म्हणत बाजूला होतात. ही खंत मनात असल्यामुळेच मी फोल्डस्कोप हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक वर्गासाठी मागवला.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विकसित केला आणि २०१४ मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात मण्याएवढे एकच गोल भिंग असते आणि वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते. सतराव्या शतकात लेव्हेनहूक या डच संशोधकाने ज्या तत्त्वावर सूक्ष्मजीव पाहिले, तेच हे तत्त्व. भिंग एकच असल्यामुळे प्रयोगशाळेतील संयुक्त सूक्ष्मदर्शकासारखी प्रतिमा उलटी दिसत नाही, ही लहान मुलांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

माझ्या मते याचा खरा धडा जोडणीतच आहे. पाण्याने न भिजणाऱ्या चिवट कागदावरचे भाग सुटे करून, खुणांप्रमाणे घड्या घालून मुले आपापले उपकरण उभे करतात. पाचवीला यासाठी दोन तासिका लागतात, सातवीला एक पुरते. एखादी घडी चुकली की भिंग आणि उजेडाचे छिद्र एका रेषेत येत नाहीत आणि काहीच दिसत नाही. अशा वेळी शिक्षकाने हात घालू नये. आमच्या सहावीतील एका मुलाने तीन वेळा सगळे उलगडून पुन्हा घातले आणि प्रकाश कोणत्या वाटेने डोळ्यापर्यंत येतो, हे त्यानंतर त्यानेच फळ्यावर काढून दाखवले.

कांद्याचा पापुद्रा पातळ निघाला आणि त्यावर आयोडीनचा पातळ केलेला एक थेंब टाकला, तर विटांच्या भिंतीसारख्या पेशी आणि त्यांतील केंद्रके स्पष्ट दिसतात. बटाट्याचा रस घेतल्यास स्टार्चचे कण निळेकाळे होतात. मात्र सर्वांत जास्त गर्दी झाली ती जास्वंदीच्या परागकणांपुढे. घरच्या कुंपणावरचे फूल घेऊन आलेल्या मुलीने पट्टीवर पराग झटकला, खिडकीकडे तोंड करून फोल्डस्कोप डोळ्याला अगदी टेकवला, अंगठ्यांनी कागद हळूहळू सरकवला आणि ‘बाई, याला काटे आहेत!’ असे ओरडली. तिच्या वहीतील त्या दिवशीची आकृती पुस्तकातून उतरवलेली नव्हती.

मर्यादाही सांगायला हव्यात. सुमारे २ मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक तपशील यात वेगळा दिसत नाही. त्यामुळे जेमतेम एक मायक्रॉन जाडीचे ताकातील लॅक्टोबॅसिलाय हे जीवाणू नीट दिसतील, अशी आशा मुलांना लावू नये. त्यासाठी कपाटातला मोठा सूक्ष्मदर्शकच काढावा. एका वेळी एकच मूल पाहू शकते, म्हणून बरोबर काय दिसते आहे हे शिक्षकाला चटकन तपासता येत नाही. यावर उपाय म्हणजे संचातील चुंबकी चकतीने तो मोबाइलच्या कॅमेऱ्याला जोडणे. तसे केले की चित्र सगळ्यांना दिसते. या चकत्या फारच लहान असल्याने आमच्याकडे दोन हरवल्या. आता प्रत्येकाचा संच नाव घातलेल्या पाकिटात ठेवतो. आणि सूर्याकडे रोखून कधीही पाहायचे नाही, हा नियम पहिल्या तासाला, जोडणीच्याही आधी सांगावा.

विकत घेणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की दोन-तीन नमुन्यादाखल घेऊन ते कपाटात ठेवू नयेत. शक्य असेल तर प्रत्येक मुलाला एक, नाहीतर निदान दोघांत एक घ्यावा आणि तो घरी नेऊ द्यावा. आमच्या मुलांनी विहिरीच्या कडेचे शेवाळ, मुंगीचा पाय, गव्हातला सोंडा असे जे जे आणले, त्यातले निम्मे मला सुचलेही नसते.