ओट्यावरचा वजनकाटा: कोणता घ्यावा, कसा वापरावा, कुठे फसतो

वजन उतरवायचं ठरलं की घराघरात सगळ्यात आधी भात बंद होतो, मग बटाटा, आणि उन्हाळा असेल तर आंबाही. फोडणीचं तेल, वरणावरचं तूप, खिचडीतलं दाण्याचं कूट, मिसळीवरचं फरसाण मात्र पूर्वीसारखंच अंदाजाने पडत राहतं. महिन्याभरात अंगाचं वजन हलत नाही, आवडीचं सोडल्याचा वैताग तेवढा वाढतो. म्हणून कोणताही पदार्थ सोडण्याआधी त्यातलं नेमकं काय भारी पडतंय ते मोजून घ्यावं. त्यासाठी ३०० ते ६०० रुपयांत मिळणारा डिजिटल किचन काटा पुरतो. वजन कमी करण्यासाठी म्हणून स्वयंपाकघरात जी काही उपकरणं विकली जातात, त्यांत पैसा वसूल करणारं पहिलं उपकरण आमच्या मते हेच. एअर फ्रायर त्यानंतर.

हिशेब साधा आहे. तेल असो की तूप, १ ग्रॅममागे ९ कॅलरी. (बोलताना आपण कॅलरी म्हणतो, पाकिटावर तीच किलोकॅलरी म्हणून छापलेली असते.) साखरेत ग्रॅममागे ४, गुळातही जवळपास तेवढ्याच, त्यामुळे साखरेऐवजी गूळ घातल्याने वजनाच्या हिशेबात काही वाचत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ५६५, शेवेत ५५०च्या आसपास, शिजलेल्या भातात १३० आणि आंब्याच्या गरात जेमतेम ६० ते ६५. दीडशे ग्रॅम भात ताटातून काढला तर १९५ कॅलरी वाचतात. तेवढ्याच कॅलरी २२ ग्रॅम तेलात असतात, आणि घाईच्या फोडणीत एवढं तेल कधी जास्त पडलं ते कळतही नाही.

घेताना काय बघायचं? बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला पांढऱ्या प्लास्टिकचा, वर गोल ताटली आणि पुढे तीन बटणं असलेला; खोक्यावर बरेचदा एसएफ-४०० लिहिलेलं असतं आणि तोच काटा वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. दुसरा काचेच्या किंवा स्टीलच्या सपाट पाटीचा. तिसरा वर वाडगं बसवलेला. वाडग्याचा घेऊ नये. त्यात कढई ठेवता येत नाही, आणि आपल्या कामात काट्यावर भांडंच ठेवायचं असतं. पांढरा प्लास्टिकचा चालतो, स्वस्तही आहे, पण ताटली आणि अंग यांच्यामधल्या फटीत पीठ जातं. स्टीलची सपाट पाटी, ५ किलो क्षमता, १ ग्रॅमचा टप्पा (म्हणजे आकडा एकेका ग्रॅमने बदलणारा) आणि बारीक पेन्सिल सेल, एवढं असलं की बस. १० किलोची क्षमता घरात लागत नाही. मोबाइलला जोडणारे काटे महाग पडतात, आणि त्यांच्या अ‍ॅपमध्ये थालीपीठ किंवा उसळ शोधली तर कुणीतरी अंदाजाने भरलेले आकडे समोर येतात.

आणल्या दिवशी तपासून घ्या, परत द्यायचा असेल तर मुदत टळायला नको. १० रुपयांची दहा नाणी ठेवा, ७७ ग्रॅमच्या आसपास दिसायला हवं. अर्ध्या लिटर दुधाची भरलेली पिशवी ५१५ ते ५२० ग्रॅम भरते, कारण दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं. मग तीच पिशवी मध्यभागी आणि चारही कडांना ठेवून बघा. आकड्यात २ ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडत असेल तर काटा बदलून घ्या. रुंद तळाची कढई कधीच बरोबर मधोमध बसत नाही, त्यामुळे हा दोष रोज नडेल.

आता वापर. सगळ्यात कामाची युक्ती म्हणजे उणे वजन. तेलाची किटली काट्यावर ठेवा, टेअरचं बटण दाबून आकडा शून्य करा, किटली उचलून फोडणीला तेल घाला आणि ती परत काट्यावर ठेवा. उणे १८ दिसलं तर १८ ग्रॅम तेल पडलं. चमचे खराब होत नाहीत, चमच्याला चिकटलेल्या तेलाचा प्रश्न राहत नाही, फोडणी जळायलाही वेळ मिळत नाही. तुपाची बरणी, कुटाचा डबा, साखरेचा डबा, शेवेची बरणी, सगळ्यांना हीच रीत. चहाची साखर एकदा अशी मोजून बघाच. सपाट छोटा चमचा ४ ते ५ ग्रॅमचा असतो, शीग लावून घेतला की ७-८ ग्रॅमपर्यंत जातो. तीन कपांत दोन-दोन चमचे घेणाऱ्याच्या दिवसाला यातच ७०-८० कॅलरींचा फरक पडतो.

दुसरी युक्ती भांड्यांची. रोजची कढई, कुकरचं भांडं, दोन पातेली यांची रिकामी वजनं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. भाजी झाली की भांड्यासकट वजन करायचं, लिहिलेला आकडा वजा करायचा. घातलेल्या जिन्नसांच्या कॅलरींची बेरीज आधीच झालेली असते, तिला भाजीच्या वजनाने भागलं की दर ग्रॅमच्या कॅलरी हाती येतात. धान्य-डाळ मात्र कच्चीच मोजावी. १०० ग्रॅम तांदळाचा भात २५० ग्रॅमही होतो आणि ३०० ग्रॅमही, पाणी किती घातलं त्यावर ते ठरतं. भाकरीचंही तसंच: भाजलेली भाकरी मोजू नका, पीठ मोजा. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी म्हणजे साधारण २०० कॅलरी, मग ती जाड थापा की पातळ.

काट्याचा खरा उपयोग साबुदाण्याच्या खिचडीत दिसतो, म्हणून ती सविस्तर. तिघांसाठी १५० ग्रॅम साबुदाणा (५२५ कॅलरी), ७५ ग्रॅम कूट (४२५), १५० ग्रॅम बटाटा (११५) आणि ३० ग्रॅम तूप (२७०) घेतलं तर एकूण १,३३५, म्हणजे ताटलीमागे ४४५. आता कूट ४० ग्रॅम आणि तूप १५ ग्रॅम करा, बटाटा २०० ग्रॅम करा. एकूण १,०४०च्या आसपास येतं, ताटलीमागे ३४५. ताटली भरलेलीच राहते आणि १०० कॅलरी कमी होतात. पण एवढं करून थांबलात तर खिचडीचा गोळा होईल. कूट साबुदाण्याभोवती बसून ओल शोषतं आणि दाणे सुटे ठेवतं. ते कमी झालं की ओलही कमी करावी लागते. साबुदाणा पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, वरचं पीठ निघून जायला हवं. मग निथळून, दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून चार-पाच तास भिजवा आणि परतण्याआधी ताटात पसरून पंधरा-वीस मिनिटं कोरडा होऊ द्या. कूट साबुदाण्यात आधीच चोळून घ्या, कढईत वरून भुरभुरवू नका. १५० ग्रॅम साबुदाण्याला ३५ ग्रॅमच्या खाली कूट नेलं तर खिचडी चांगली होत नाही, तो प्रयत्न करू नये. उपास म्हणजे हलकं खाणं असा समज असतो, पण आकडे त्याच्या बाजूने नाहीत.

तळणीचं तेल किती पोटात गेलं तेही मोजता येतं. तेल घातलेली कढई गॅसवर ठेवण्याआधी वजन करा. तळण आटोपून कढई पूर्ण थंड झाली की परत करा. जेवढं वजन घटलं तेवढं तेल पदार्थांत गेलं. खालच्या कागदाने टिपलेलं हवं तर कागद मोजून वजा करा. दोन-तीनदा असं केलं की कारणं दिसू लागतात. तेल पुरेसं तापलेलं नसलं, पुऱ्यांची कणीक सैल झाली, भज्यांच्या पिठात सोडा जास्त पडला किंवा कढईत एका वेळी फार घाणा टाकला, की पदार्थ तेल पितो. ही चार कारणं दूर केली तर भजी बंद करायची गरज नाही, संख्या ठरवली की झालं. कोथिंबीर वडी आणि अळूवडी तर तळायलाच नकोत. वाफवलेल्या वड्या तव्यावर १० ग्रॅम तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस होतात.

मिसळीत उसळ आणि पाव बाजूला ठेवा, आधी फरसाण मोजा: वाटीत हाताने घेतलेलं ४० ग्रॅम म्हणजे २२० कॅलरी. १५ ग्रॅमवरही कुरकुरीतपणा मिळतो, फक्त ते शेवटच्या क्षणी घालायचं. आमरसाची १५० ग्रॅमची वाटी साखर न घालता १०० कॅलरींच्या आत बसते. वजन वाढतं ते सोबतच्या पुऱ्यांनी आणि वरच्या साखर-तुपाने. श्रीखंडात चक्क्याइतकीच साखर घालायची पद्धत आहे. अर्धा किलो चक्क्याला ५००ऐवजी ३०० ग्रॅम घातली तर ८०० कॅलरी उतरतात. मात्र दोन गोष्टी बदलतात. साखर चक्क्याला सैल करते, ती कमी झाल्यावर श्रीखंड घट्ट राहतं, तेव्हा दोन चमचे दूध घालावं लागतं. आणि आंबटपणा लपत नाही, म्हणून दही ताजं हवं आणि फ्रिजमध्येच टांगायला हवं.

आता काटा कुठे फसतो ते. शून्याजवळ असताना हे काटे किरकोळ बदल आपोआप पुसून टाकतात, म्हणजे आकडा स्थिर दिसावा. त्यामुळे चिमूट-चिमूट साखर किंवा थेंब-थेंब तेल घातलं तर आकडा शून्यावरच अडकतो आणि मोजण्याआधीच ५-६ ग्रॅम पडून गेलेलं असतं. उपाय सोपा: टेअर न दाबता भांड्याचा आकडा लक्षात ठेवून पुढे मोजा, किंवा उणे वजनाची रीत वापरा. १ ग्रॅमच्या टप्प्याच्या काट्यावर ३-४ ग्रॅम मोजण्यातही अर्थ नाही, चूकच पाव हिस्सा निघते. एवढं थोडं मोजायचं असेल तर सपाट चमचाच बरा.

मिलिलिटरचं बटण टाळा. काटा फक्त पाणी किंवा दूध समजून आकडा बदलतो, तेल त्यात चुकीचं येतं. हात लागून आकडा औंसांत गेला की गडबड होते, तेव्हा रोज आधी कोपऱ्यातलं एकक बघावं. काट्याखाली प्लास्टिकची चादर किंवा ओलं फडकं नको. शेजारी मिक्सर चालू असेल किंवा वर पंखा जोरात असेल तर आकडा नाचतो. गरम कुकर थेट ठेवला तर आतला लोडसेल (वजन टिपणारी धातूची पट्टी) तापून आकडा सरकत राहतो, काचेची पाटी तडकूही शकते. परात ठेवली की आकडाच झाकला जातो. काट्यावर आधी एक उंच डबा ठेवून टेअर दाबा आणि परात त्यावर ठेवा. बहुतेक काटे एक-दोन मिनिटांत आपोआप बंद होतात आणि टेअर विसरतात, फ्रिजवरची ती यादी इथेही कामाला येते. आणि काट्यावर डबे रचून ठेवू नका, सततच्या भाराने लोडसेल कायमचा वाकतो.

पदार्थांचे आकडे कुठून घ्यायचे? पाकीटबंद वस्तूंवर १०० ग्रॅममागचा आकडा छापलेला असतो, तोच घ्यावा; ‘एका सर्व्हिंग’चा नको, कारण ते सर्व्हिंग कंपनीने ठरवलेलं असतं. धान्य, डाळी, भाज्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे भारतीय अन्नघटक तक्ते भरवशाचे. त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, ४.१८४ने भागल्यावर कॅलरी मिळतात. याच संस्थेच्या २०२४च्या आहार मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या आहाराला दिवसाचं वरून घातलेलं तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. चार माणसांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो, म्हणजे ९१० ग्रॅमच्या साधारण साडेतीन पिशव्या, तूप-लोणी त्यातच धरून. किराण्याची यादी काढून आपला आकडा याच्याशी ताडून बघा.

सगळं आयुष्यभर मोजत बसायची गरज नाही. पहिले दोन-तीन आठवडे सगळं, नंतर फक्त तेल, तूप, दाणे-कूट, साखर आणि शेव-फरसाण. पालेभाज्या, काकडी, ताक मोजण्यात वेळ घालवू नये. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणातली भात-पोळी एकदम कमी करू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. वाढत्या मुलांची ताटं मोजू नयेत. अंगावर पाजणाऱ्या आईने, आणि जेवणाच्या विचाराने ज्यांना ताण येतो किंवा पूर्वी खाण्याशी झगडा झाला आहे त्यांनी, या काट्यापासून लांबच राहावं.

घरून चकल्या-लाडू विकणाऱ्यांनी हा काटा विक्रीला वापरू नये. वैध मापन शास्त्र कायदा, २००९ नुसार त्यासाठी पडताळणी करून शिक्का मारलेलाच काटा लागतो. बाकी देखभाल फारशी नाही: नळाखाली धुवायचा नाही, पिळलेल्या फडक्याने पुसायचा, आणि पावसाळ्यात काही दिवस वापर नसेल तर सेल काढून ठेवायचे. पाझरलेल्या सेलने खालच्या पट्ट्या गंजल्या की पांढरी भुकटी दिसते; कापसाला थोडा लिंबाचा रस लावून ती पुसली आणि पूर्ण वाळू दिली तर बहुतेक वेळा काटा परत चालू होतो.