भर पावसातले छायाचित्रण आणि ऑलिंपस टफ टीजी-६

ताम्हिणी किंवा माळशेज घाटात ऐन पावसात चांगला कॅमेरा बहुतेक वेळ बॅगेतच राहतो, आणि सर ओसरण्याची वाट पाहता पाहता दरीतून वर चढणारे धुकेही निघून जाते. २०१९ मध्ये आलेल्या टीजी-६ या छोट्या कॅमेऱ्याचे खरे मोल इथे कळते. पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालणारा, जेमतेम अडीचशे ग्रॅमचा हा कॅमेरा संततधारेतही गळ्यात अडकवून हिंडता येते.

भिंगासमोरच्या दुहेरी काचेमुळे आतून बाष्प धरत नाही. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत उतरल्यावर बाहेरच्या बाजूने मात्र ते धरतेच, तेव्हा कॅमेरा हवेच्या तापमानाला येईपर्यंत थोडे थांबावे. भिंग इतके लहान आहे की काचेवरचा एकच टपोरा थेंब कड्याची अख्खी कडा पुसट करतो; म्हणून सुती फडके हाताशी हवेच.

धुक्यात कोणताही कॅमेरा फसतो. पांढरा पडदा पाहून तो चित्र काळवंडून टाकतो. इथे एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवले की धुके पुन्हा धुक्यासारखे दिसते. फ्लॅश बंदच ठेवावा, नाहीतर जवळचे थेंब पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात.

माझी खरी तक्रार शटरविषयी आहे. पावसाच्या रेघा हव्या असतील तर शटरचा वेग साधारण १/६० सेकंद लागतो आणि थेंब गोठवायचे असतील तर १/५०० किंवा त्याहून जलद; पण या कॅमेऱ्यात शटरचा वेग आपण ठरवायचा शटर प्रायॉरिटी मोडही नाही आणि सगळेच आपण ठरवायचा मॅन्युअल मोडही नाही. आयएसओ, म्हणजे प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील ते, खालीवर करून हवा तो वेग आडवाटेने मिळवावा लागतो, आणि पावसाळी चित्रणासाठीच घेतल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यात ही उणीव मला मोठी वाटते. शिवाय सेन्सर मोबाइलसारखाच लहान असल्याने आयएसओ ८०० च्या पुढे धुक्याच्या तलम छटांत दाणे दिसू लागतात. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल ठेवली तर त्यातले बरेच सावरता येते, आणि भरपूर प्रकाश आत घेणारे एफ/२ चे भिंग संध्याकाळी, ओल्या डांबरावर दिव्यांचे लांबट प्रतिबिंब पडते त्या वेळी, चांगलीच साथ देते.

वेगळे अडॅप्टर लावून ४०.५ मिलिमीटरचा पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, बसवता येतो, आणि तो मी आवर्जून सुचवेन. ओल्या पानांवरची पांढुरकी चकाकी गेली की कारवीचा गडद हिरवा रंग आणि कातळाचा काळा पोत वर येतो. प्रकाश दीड-दोन स्टॉप कमी होतो, पण तेवढी किंमत मोजण्याजोगी आहे.

बॅटरीची आणि केबलची झाकणे ओल्या हाताने उघडू नयेत. रबरी सीलवर एक केस अडकला तरी पाणी आत शिरू शकते. २०२३ मध्ये आलेल्या टीजी-७ मध्ये यूएसबी-सी आहे, पण १२ मेगापिक्सेल आणि २५ ते १०० मिलिमीटरचे (३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने) झूम भिंग तेच राहिले. त्यामुळे जुना टीजी-६ चांगल्या स्थितीत मिळत असेल, तर सील नीट तपासून तो खुशाल घ्यावा.