हायस्प्लिट: दिसायला जुनाट, पण फुकट आहे आणि भारी आहे

किरणोत्सारी धूळ "वाऱ्याने जगभर पसरली" एवढं वाचून आपण पान उलटतो, पण ती नक्की कुठल्या वाटेने गेली ते स्वतः काढून बघायचं असेल तर अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेचं हायस्प्लिट, म्हणजे हवेची वाट काढून दाखवणारं टूल, ब्राउझरमध्येच चालतं, एक पैसा लागत नाही. याचं घराणंच तसलं आहे, १९४९ मध्ये सोव्हिएत युनियनने पहिला अणुबॉम्ब फोडला तेव्हा विमानाच्या फिल्टरवर सापडलेल्या धुळीवरून वारा उलटा मोजत मोजत स्फोटाची जागा शोधायचं काम अमेरिकेच्या हवामानवाल्यांनी केलं होतं, त्यांचाच हा वारसा.

चेर्नोबिल, म्हणजे सोव्हिएत काळात युक्रेनमध्ये फुटलेली अणुभट्टी, लावून बघा. अक्षांश ५१.३९, रेखांश ३०.१०. वेळ युटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, भरायची हां, स्फोट तिकडच्या घड्याळात २६ एप्रिल १९८६ च्या रात्री १.२३ ला झाला म्हणजे टूलमध्ये २५ तारीख आणि २१ वाजले असं टाकायचं. उंची तीन देता येतात, ५००, १५०० आणि ३००० मीटर द्या, मग एकाच ठिकाणाहून निघालेल्या लाल, निळ्या, हिरव्या रेघा कशा फाटत जातात ते बघा, कारण प्रत्येक थरातला वारा वेगळा. दीड किलोमीटरच्या आसपासची हवा बाल्टिकवरून स्वीडनकडे गेली, म्हणून तर २८ तारखेला फोर्समार्कच्या अणुवीज केंद्रात कामगाराच्या बुटांमुळे अलार्म वाजला, मॉस्कोने तोंड उघडायच्या आधी.

रेघेसोबत पाऊस दाखवायचा ऑप्शन आहे, तो नक्की टिक करा, खरी गोम तिथेच आहे. धुळीचा ढग वरून जाणं वेगळं आणि माल खाली पडणं वेगळं. कोरड्या हवेत कण सावकाश बसतात, पाऊस लागला की धुवून खाली. स्वीडनमध्ये येव्लेच्या भागात नेमका पाऊस झाला आणि तिथे सीझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ साचलं, वेल्सच्या डोंगरातही तेच, तिथले मेंढ्या हलवण्या-विकण्यावरचे निर्बंध थेट २०१२ ला उठले. पण हे डाग टूलमध्ये शोधू नका, १९८६ चा जागतिक डेटा अडीच अंशांच्या खणांचा आहे, मुंबई-पुणे-नाशिक सगळं एका खणात बसेल, त्यात एखादी सर कुठून दिसणार.

आणि झार बॉम्ब या सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बसारख्या मोठ्या स्फोटांसाठी हे नाहीच. ती धूळ स्थितांबरात, म्हणजे पावसाच्या ढगांच्याही वरच्या थरात, चढते, तिथे धुवायला पाऊस नाही त्यामुळे वर्ष-दोन वर्षं पृथ्वीभोवती फिरते आणि मुख्यतः वसंतात मध्य अक्षांशांवर उतरते. रेघा मारून ते कळत नाही.

पाचपैकी चार स्टार. मोबाईलवर उघडू नका, लॅपटॉपच घ्या.