‘ड्युअलसेन्स सीलपॅक, दुबईचा माल’: पैसे देण्याआधी वाचा

सोनीच्या पीएस५ (प्लेस्टेशन ५) या गेमिंग कन्सोलचा ड्युअलसेन्स कंट्रोलर, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं बटणांचं यंत्र, कुणी ‘सीलपॅक आहे, फक्त बिल नाही’ म्हणून स्वस्तात देत असेल, तर आधी हे वाचा. पुण्यात माझे ३,४०० रुपये असेच गेले. एवढ्याशा रकमेसाठी कोण पोलीस चौकीची पायरी चढणार, या हिशोबावरच हा धंदा चालतो.

जाहिरात जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर होती. दुकानात नवा कंट्रोलर सहा हजारांच्या घरात जातो, त्यामुळे भाव स्वस्त वाटला तरी संशय यावा इतका पडेल नव्हता. चॅटवर विक्रेत्याचा पहिलाच प्रश्न होता, “दादा, पीसीवर खेळता की पीएस५वर?” मी पीसीवर खेळतो, तसं सांगितलं. मग गडी एकदम मोकळा झाला. भाऊ दुबईला असतो, येताना चार-पाच पीस आणले, म्हणून बिल नाही आणि बॉक्सवर एमआरपीचं स्टिकर नाही, वगैरे.

भेट एका मेट्रो स्टेशनच्या पार्किंगमध्ये झाली. पोरगा बोलायला गोड, सोबत लॅपटॉप घेऊन आला होता. बाइकच्या सीटवर लॅपटॉप ठेवून त्याने ब्लूटूथने कंट्रोलर जोडला, रेसिंगची गेम लावली आणि गाडी भिंतीवर घातली. कंट्रोलर हातात थरथरला. “बघा दादा, हॅप्टिक!” हॅप्टिक म्हणजे गेममधली हालचाल हाताला स्पर्शाने जाणवणं. मी ट्रिगरबद्दल, म्हणजे बोटाला उलटा जोर लावणाऱ्या बटणांबद्दल विचारलं. तो म्हणाला, “ब्लूटूथवर पीसीला ते फीचर येत नाही. केबल लावा, गेम सपोर्ट करणारी पाहिजे, मग येतं.”

हे वाक्य या फसवणुकीचा कणा आहे, कारण ते बरंचसं खरं आहे. पीसीवर ड्युअलसेन्सची पूर्ण करामत मोजक्याच गेम्समध्ये आणि बहुतेक वेळा यूएसबी केबल लावल्यावरच मिळते. ज्याला हे माहीत आहे, तो मान डोलावतो आणि पैसे देतो. ज्याला माहीत नाही, त्याला थरथर पुरेशी वाटते.

पण नुसती थरथर ही फार जुनी गोष्ट आहे. निन्टेन्डो या गेमिंग कंपनीने १९९७मध्ये कंट्रोलरला थरथर देणारं रंबल पॅक आणलं, तेव्हापासून कंट्रोलर हातात हलतायत. त्यात एक छोटी मोटर असते, तिच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेलं वजन बसवलेलं असतं. मोटर फिरली की सगळं गदगदतं. पीएस४च्या कंट्रोलरमध्ये अशाच दोन मोटरी आहेत. २०२०मध्ये आलेल्या ड्युअलसेन्समध्ये दोन्ही मुठींत व्हॉइस कॉइल आहेत, म्हणजे साधारण स्पीकरच्या आत असते तशी रचना. त्यामुळे वाळूवर चालणं वेगळं लागतं, काचेवर वेगळं, आणि पावसाचे थेंब टपटप तळहातावर पडल्यासारखे जाणवतात. एल२-आर२ ट्रिगरच्या मागे प्रत्येकी एक मोटर आणि गिअर असतो, तो गेमच्या हुकमानुसार ट्रिगरला उलटा जोर लावतो. धनुष्य ताणताना बोटाला खरोखर ताण येतो. जास्तीचे पैसे आपण या स्पर्शाचे मोजतो, आणि तो ना फोटोत दिसतो ना व्हिडिओत.

घरी आल्यावर केबल लावली. ट्रिगर लुळेच. त्याला फोन केला, तर म्हणाला, “सर, फर्मवेअर अपडेट करा,” म्हणजे कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर. (पैसे मिळेपर्यंत मी दादा होतो.) सोनीचं विंडोजसाठी प्लेस्टेशन ॲक्सेसरीज नावाचं ॲप आहे, ते उतरवलं. त्याला हा कंट्रोलर दिसलाच नाही. पुन्हा फोन केला तर रिंग वाजत राहिली, नंतर नंबर ब्लॉक.

खरा निकाल भाच्याच्या पीएस५वर लागला. केबल जोडली तर पीएस५ने त्याला चक्क पीएस४चा कंट्रोलर म्हणून ओळखलं. पीएस५च्या गेम्स पीएस४चा कंट्रोलर घेत नाहीत, त्यामुळे पुढे काही चालेना. भाचा म्हणाला, “मामा, उघडूया का?” एल१-आर१ची बटणं काढून स्क्रू सोडवले. आत तळाला जुन्या पद्धतीच्या दोन मोटरी, ट्रिगरमागे नुसती स्प्रिंग, गिअरचा पत्ता नाही. आणि एका कडेला गरम गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी! अस्सल कंट्रोलर २८० ग्रॅमच्या आसपास भरतो, तेवढा भार हाताला लागावा म्हणून ही सोय. एवढी अक्कल चांगल्या कामाला लावली असती तर.

त्याच संध्याकाळी भाच्याने आपल्या खात्यावरून त्या जाहिरातीवर विचारलं, “पीएस५साठी पाहिजे, आहे का?” उत्तर आलं, “विकला गेला.” जाहिरात मात्र चालूच. तो पहिला प्रश्न कशासाठी होता, ते तेव्हा उलगडलं. ज्याच्या घरी पीएस५ आहे असं गिऱ्हाईक त्याला नकोच असतं.

पैसे यूपीआयने दिले होते. खात्यावरचं नाव तिसऱ्याच माणसाचं निघालं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. चौकीत अर्ज दिला तेव्हा हवालदार साहेबांनी “चारशेवीस आता ३१८ झालंय” (नव्या भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम) एवढं ज्ञान दिलं आणि पोच दिली. पोच नक्की घ्या. पैसे अजून आलेले नाहीत. दुकानातून बिलावर घेतला असता तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ तरी हाताशी असती. इथे विकणाऱ्याचा पत्ताच नाही, आणि ॲपवाले म्हणतात, व्यवहार तुमचा तुम्ही केला.

आता तपासायचं कसं. ब्लूटूथच्या यादीत ‘वायरलेस कंट्रोलर’ असं नाव आलं म्हणून खूश होऊ नका, पीएस४चा कंट्रोलरही त्याच नावाने येतो. बंद कंट्रोलरचे ट्रिगर दाबून काही कळत नाही, अस्सलचेही तेव्हा मोकळेच फिरतात. अस्सलच्या पाठीवरचा खरबरीतपणा म्हणजे त्रिकोण, वर्तुळ, फुली, चौकोन यांची बारीक नक्षी असते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा. माझ्या कंट्रोलरवर नुसते ठिपके होते. तरी यावर पूर्ण विसंबू नका, अस्सल कवचात नकली माल भरता येतोच. लॅपटॉप असेल तर केबलने जोडून विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जा. खरा ड्युअलसेन्स तिथे स्पीकर आणि माइक म्हणूनही उमटतो, कारण हॅप्टिकचा सिग्नल त्याला ऑडिओच्याच वाटेने मिळतो. आणि आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. स्टिकर नसेल, तर दुबईच्या भावाची गोष्ट ऐकत बसू नका.

सगळ्यांत खात्रीचा उपाय एकच, ओळखीतल्या कुणाच्या पीएस५वर जोडून बघणं. प्रत्येक पीएस५मध्ये ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ ही गेम फुकट येते, ती लावा. दोन मिनिटांत बोटं सांगतील. “पीएस५ असलेल्या मित्राकडे भेटूया” एवढंच विक्रेत्याला म्हणून बघा.

ती जाहिरात काढली गेली होती. आता वेगळ्या नावाने परत लागली आहे, फोटो तेच: निळ्या चादरीवर पांढरा कंट्रोलर, मागे अर्धवट दिसणारा कूलर. भाव २,८०० केलाय.